बारा टप्पे आणि एक दार

सिस्टरांनी गेल्या एकोणतीस वर्षांत शक्यतो एकही दार हाताने उघडलेलं नव्हतं.

यात त्यांचा दोष नव्हता. ऑपरेशन थिएटरमधल्या परिचारिकेला तसंच शिकवतात. कोपरापर्यंत हात घासायचे, पाच मिनिटं, घड्याळ लावून. मग दोन्ही हात वर धरायचे, दाराकडे पाठ करायची, कंबरेने एक धक्का द्यायचा आणि उलट्या पावली आत शिरून गर्रकन वळायचं. धुतलेला हात दाराला लागला की पुन्हा पहिल्यापासून घासणं आलं. सवय इतकी हाडात मुरली की सिस्टर घरीही तशाच फिरत. हातात काही असो नसो, स्वयंपाकघरात पाठ आधी जायची आणि चेहरा मागाहून. घरातल्या प्रत्येक दाराचा रंग कंबरेच्या उंचीवर उडालेला होता. एकदा घर रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने ते बघून अदबीने विचारलं होतं, "बाई, बकरी पाळली होती का?"

त्यांची दुसरी सवय मोजायची. पोट उघडण्याआधी कापसाच्या पट्ट्या, सुया, चिमटे, कात्र्या मोजून घ्यायच्या आणि पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायच्या. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलंच पाहिजे. एकदा मोठे डॉक्टर सुई-दोरा मागत होते आणि सिस्टर म्हणाल्या, "एक पट्टी कमी आहे." डॉक्टर म्हणाले, नसेल, नीट मोजा. सिस्टरांनी नीट मोजून दाखवलं आणि पुन्हा म्हणाल्या, "एक कमी आहे." मोठ्या डॉक्टरांचा चेहरा मास्कच्या आतून लाल झाला. पण सिस्टर सुई-दोरा हातात घट्ट धरून उभ्या राहिल्या. पट्टी आतड्यामागे निघाली. डॉक्टरांनी आभार मानले नाहीत, फक्त त्या दिवसापासून 'नीट मोजा' म्हणणं सोडलं.

अशा प्रत्येक ऑपरेशननंतर नोंदवहीत वर मोठ्या अक्षरांत डॉक्टरांचं नाव लिहिलं जायचं. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे शाई नेहमी फराटते तिथे, 'मोजणी बरोबर' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे सिस्टरांची चिमुकली सही. दहा-अकरा हजार वेळा त्यांनी ती सही केली असेल. ती कोणाची आहे हे वहीत कुठेही कळत नव्हतं. ज्या कागदावर आपलं पूर्ण नाव वर आहे असा एखादा कागद आयुष्यात असावा, असं त्यांना अलीकडे फार वाटू लागलं होतं. लग्नपत्रिका होती एक, पण तिच्यातही नाव चुकलं होतं.

आता मास्तरांकडे वळू. मास्तर म्हणजे सिस्टरांचे यजमान. बत्तीस वर्षं त्यांनी मोटार चालवायला शिकवली. त्यांच्या गाडीला शिकाऊ माणसाचा ब्रेक वेगळा आणि मास्तरांचा वेगळा. शेजारच्या सीटवर बसून, स्वतःचा ब्रेक पायाखाली ठेवून, जगातली कुठलीही गोष्ट शिकवता येते असा त्यांचा ठाम समज होता. शिकवण्याची पद्धतही खास त्यांची. आधी चूक करून दाखवायची. साधी नाही, चांगली रंगवून. "हे बघा, तुम्ही क्लच असा सोडता!" म्हणून ते गाडीला असा गचका देत की मागे बसलेल्याची टोपी पुढे यायची. चूक डोळ्यांत भरली की बरोबर काय ते आपोआप कळतं, असं ते म्हणत. त्या पद्धतीने शहरातली निम्मी माणसं मोटार शिकली. उरलेली निम्मी बसने फिरतात.

वय झालं, शाळा बंद केली आणि मास्तरांना शिकवायला कोणी उरेना. मग ते पिस्तुलाच्या क्लबात जाऊ लागले.

हा खेळ एका जागी श्वास रोखून उभं राहायचा नव्हे. यात पळावं लागतं. प्लायवूडच्या भिंती उभारतात, त्यांना खिडक्या आणि दारं ठेवतात. कुठे पुठ्ठ्याची माणसं, कुठे लोखंडी तबकड्या. बीप वाजली की पिस्तूल काढायचं, पळत जायचं, दिसेल त्या टार्गेटवर गोळ्या झाडायच्या. पांढरा पुठ्ठा म्हणजे निरपराध माणूस, त्याला लागली की गुण गेले. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. असा एक टप्पा, असे अनेक टप्पे. आणि सगळ्यांच्या वर एकच नियम. पिस्तुलाची नळी सदैव समोरच्या मातीच्या बांधाकडे. ती खांद्याच्या रेषेमागे वळली की मागून चालणारा पंच 'थांबा!' ओरडतो आणि माणूस अपात्र. त्या टप्प्यापुरता नव्हे. आधीच्या सगळ्या टप्प्यांची कमाईसुद्धा एका रेघेत खलास.

क्लबच्या संघात तिघे. एक मास्तर, कप्तान. दुसरा दातांचा डॉक्टर. त्याला क्लबात 'भूल' म्हणत, कारण तो बोलायला लागला की ऐकणारा हळूहळू बधिर होत जायचा. तिसरा गडी हर्नियाने गेला. म्हणजे मेला नाही, सिस्टरांच्याच थिएटरमध्ये ऑपरेशन होऊन सुखरूप घरी गेला, पण वर्षभर पळायचं नाही असं त्याला बजावलं होतं. परदेशातली स्पर्धा पाच महिन्यांवर आली होती, बारा टप्प्यांची, आणि संघात दोघेच.

सिस्टर क्लबात जायच्या त्या थर्मास घेऊन, मास्तरांच्या चहासाठी. बसल्या बसल्या त्या सगळ्यांच्या गोळ्या मोजायच्या. कोणाच्या पिस्तुलात किती उरल्या हे त्या माणसाच्या आधी त्यांना कळायचं. मास्तर भरात आले की रिकाम्या पिस्तुलाचा घोडा दाबत सुटायचे, टक टक टक, आणि मग पिस्तुलाकडे असं बघायचे की जणू त्यानेच दगा दिला. एकदा भूल म्हणाला, सिस्टर, तुम्हीच का नाही मारून बघत एकदा? सिस्टरांनी थर्मास खाली ठेवला आणि पिस्तूल उचललं. वेळ भरपूर घेतला, पण एकही गोळी चुकली नाही आणि पिस्तूल रिकामं व्हायच्या आत प्रत्येक वेळी गोळ्यांचं मॅगझिन बदललेलं होतं. हात कसा हलला नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हलवायचा होता का?"

मास्तरांनी त्यांचं नाव दिलं खरं, पण सगळ्यांना सांगत सुटले, "आमची ही आपली राखीव. संख्या भरायला." इस्पितळात मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हत्यार हातात द्यायचं काम तुमचं. चालवायचं आमच्यावर सोडा की!" आणि हसले. भूलतज्ज्ञही हसले, कारण मोठे डॉक्टर हसले की हसायची तिथे पद्धत होती.  त्या दिवशी घरी स्पर्धेचा कागद आला होता. वर सिस्टरांचं पूर्ण नाव, एक अक्षरही न चुकता, आणि खाली बारा रिकामी घरं, प्रत्येक टप्प्याला एक. त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला. नंबर येवो न येवो, ती बारा घरं भरायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

अडचण एकच होती, दार. पिस्तूल हातात घेऊन सिस्टर दारापाशी आल्या रे आल्या की पाठ फिरायची, हात वर जायचे, कंबर पुढे व्हायची आणि नळी थेट क्लबच्या चहाच्या टेबलाकडे वळायची. सराव बिनगोळ्यांचा होता तरी टेबलावरची मंडळी खाली वाकायची. उजव्या हातात पिस्तूल समोर धरून डाव्या हाताने दार ढकलायचं, इतकं ते सोपं. पण उघड्या तळव्याने दार ढकलायचं म्हटलं की सिस्टरांच्या अंगावर काटा यायचा. दाराला किती जणांचे हात लागलेले असतात ते त्यांना ठाऊक होतं.

मास्तरांना बऱ्याच दिवसांनी विद्यार्थी मिळाला. त्यांनी घरात दारोदार चिकटपट्टीच्या रेषा मारल्या. टीव्हीचा रिमोट हे पिस्तूल ठरलं. "अगं, तू काय करतेस बघ," म्हणत ते स्वतः हात वर करायचे, कंबर बाहेर काढायचे आणि दाराला ढुशी देऊन उलटे आत जायचे. "अशी! अशी जातेस तू! हे असं नाही करायचं." मग एकदा बरोबर करून दाखवायचे, पण ते घाईत, उरकल्यासारखं, कारण त्यात गंमत नव्हती. न्हाणीघराचं दार, बेडरूमचं दार, कपाटाचंसुद्धा दार. दिवसातून पंचवीस-तीस वेळा. पाच महिने. शेवटी शेवटी त्यांची नक्कल इतकी वठू लागली की शेजारच्या वहिनी खास बघायला येऊ लागल्या.

"अहो, एवढं नका दाखवू," सिस्टर एकदा म्हणाल्या. "बघून बघून मला तेच आठवतं."

"चूक डोळ्यांत भरली पाहिजे," मास्तर म्हणाले.

सिस्टर हळूहळू समोरून जायला शिकल्या. इतक्या शिकल्या की एका सकाळी, पित्ताशयाच्या ऑपरेशनला, धुतलेल्या ओल्या हाताने त्यांनी थिएटरचं दार सरळ ढकललं. आत सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. रोग्याला भूल दिलेली, मोठे डॉक्टर हात वर करून उभे, आणि सिस्टर पुन्हा पाच मिनिटं हात घासायला बाहेर. "वय झालं का सिस्टर?" डॉक्टर म्हणाले. घासता घासता सिस्टरांना रडू आलं आणि रागही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं. रिमोट घेऊन घरभर फिरण्यापायी आपण स्वतःचं काम बिघडवतोय की काय, या विचाराने त्यांना चार दिवस धड जेवण गेलं नाही. मग त्यांनी ठरवून टाकलं. ओला हात असेल तर पाठ, पिस्तूल असेल तर तळवा. दोन दारं, दोन माणसं. हे मास्तरांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी दोन्ही करून दाखवलं असतं.

विमानतळावर पिस्तुलांच्या कुलूपबंद पेट्यांना कोणीही हरकत घेतली नाही. सहा कागद दाखवले, सहा शिक्के पडले, अधिकाऱ्याने वर शुभेच्छा दिल्या. अडलं ते सिस्टरांच्या पर्समधल्या बँडेज कापायच्या बोथट कात्रीशी. धोकादायक वस्तू, म्हणाले. मास्तरांनी अधिकाऱ्याला कात्री या विषयावर शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांना बूट आणि पट्टा काढायला लावलं. भूल बोलू लागला तेव्हा मात्र सगळ्यांना पटकन पुढे सोडलं. कात्री गेली ती गेलीच. वीस वर्षं वापरलेली होती.

स्पर्धा एका जुन्या दगडखाणीत होती. खाणीच्या कडेने बारा कप्पे, प्रत्येकात एक टप्पा. दोन दिवस, सहा आणि सहा. एकूण एकाहत्तर स्पर्धक, बहुतेक दाढीवाले, काळे चष्मे, अंगभर खिसे. सिस्टरांच्या पायात थिएटरमधले पांढरे बूट होते, कारण आठ आठ तास उभं राहायला त्यासारखं दुसरं काही नाही. एका दाढीवाल्याने आदराने विचारलं, प्रेक्षक तिकडे बसतात, खुर्ची आणून देऊ का? सिस्टरांनी पट्ट्यातली तीन मॅगझिनं दाखवली. त्याने खुर्ची तरीही आणून दिली. मुलगा बरा होता.

प्रत्येक टप्प्याआधी पाच मिनिटं रिकाम्या हाताने फिरून बघायला मिळत. तेव्हाचा देखावा बघण्यासारखा. धडधाकट, वयात आलेली माणसं बोटांची पिस्तुलं करून, गुडघ्यात वाकून, तोंडाने पुटपुटत प्लायवूडच्या भिंतींमधून सरकत असतात आणि एकमेकांना धडकली की 'माफ करा' म्हणतात. सिस्टर तिथे नेम वगैरे धरत नसत. त्या टार्गेटं मोजायच्या. तिसऱ्या टप्प्यात सगळे एकवीस मोजत होते, सिस्टरांनी पिंपामागचं बावीसावं शोधलं. मास्तर एकवीस मारून आले आणि बावीसावं बेकायदेशीर आहे असं म्हणू लागले.

पहिल्या दिवशी सहा घरं भरली. संध्याकाळी यादी लागली. मास्तरांनी चष्मा लावून ती बघितली, मग काढून बघितली, मग पुसून परत लावली. सिस्टर त्यांच्या तीन नंबर वर होत्या.

"वारा होता," मास्तर म्हणाले.

"मलाही तोच होता," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा घरं भरली. भूल बरा चालला होता. मास्तर सिस्टरांच्या मागेच होते, आता चार नंबर. आणि उरला बारावा टप्पा. तीन खिडक्या, एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला स्प्रिंगचं दार, आणि दारामागे खोली, खोलीत सहा टार्गेटं. अकरा टप्प्यांत एकही बंद दार आलं नव्हतं. ते सगळं देणं शेवटी ठेवलं होतं.

पाच मिनिटांच्या फेरीत सिस्टर त्या दारापुढे उभ्या राहिल्या. कडेला सत्तर जणांच्या तळव्यांचा काळपट डाग होता.  तेवढ्यात मास्तर आलेच.

"अगं, लक्षात आहे ना? हे बघ!" आणि त्यांनी हात वर केले, कंबर काढली, दाराला ढुशी दिली, उलटे आत गेले. अगदी झोकात. "असं नाही!" आतून आवाज आला. आजूबाजूच्या दाढीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

संघात आधी भूल, मग मास्तर, शेवटी सिस्टर असा क्रम होता. भूल झाला. मास्तर रेषेवर उभे राहिले. बीप वाजली आणि मास्तर असे सुटले की सिस्टर चकित झाल्या. पहिली खिडकी साफ, दुसरी साफ. मॅगझिनही वेळेवर बदललं. माणूस पाच वर्षांत असा खेळला नव्हता. तिसरी खिडकी झाली, मास्तर बोळातून धावले, दारापाशी आले, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, पाठ फिरवली, कंबर बाहेर काढली आणि दाराला ढुशी दिली.

"थांबा!"

 नळी प्रेक्षकांवरून फिरून आकाशाकडे थांबली होती. बोट घोड्यावर नव्हतं, त्यामुळे काही झालं नाही, फक्त भूल खुर्चीमागे आडवा पडला होता. मास्तर मात्र दारात तसेच होते, अर्धे आत, अर्धे बाहेर, हात वर, कंबर दाराला टेकलेली. हुबेहूब सिस्टर. पाच महिने, रोज पंचवीस-तीस वेळा केलेली गोष्ट अंगाने बिनचूक पार पाडली होती. सिस्टरांना आधी हसू फुटलं आणि मग मास्तरांचा चेहरा दिसला. आपण कुठे आहोत हेच त्या चेहऱ्याला कळत नव्हतं. हसू जिथल्या तिथे थिजलं. त्यांना फार वाईट वाटलं.

पंचाने पिस्तूल रिकामं करवून घेतलं, हस्तांदोलन केलं, कागदावर रेघ मारली. मास्तरांचे अकरा टप्पे त्या रेघेखाली गेले.

बाहेर येऊन मास्तर पाच मिनिटं पाणी पीत राहिले. "बिजागरी उलटी आहे त्या दाराची," ते म्हणाले. मग भूलकडून एक कागद मागून घेतला. संघ माघार घेत असल्याचा तो कागद होता. कप्तानाने भरायचा आणि प्रत्येकाने आपली सही करायची.

"सही कर. आता संघच नाही तर राहिलं काय? उगाच हसं कशाला करून घ्यायचं? मी एवढा मुरलेला माणूस त्या दारात गेलो, तिथे तुझं काय होणार? अगं, अपात्र होण्यापेक्षा माघार बरी. निदान वाऱ्यामुळे म्हणून सांगता येईल."

सिस्टरांनी कागद हातात घेतला. यात एक खरं होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. त्या दारात त्यांचंही हेच होणार असण्याची शक्यता मोठी होती. झालं की अकरा भरलेली घरं पुसली जाणार. आत्ता थांबलं तर अकरा तरी शिल्लक राहतील. फ्रिजवर लावता येईल असा कागद, नाव वर, घरं अकरा.

"अकरा आहेत," त्या म्हणाल्या.

"मग तेच म्हणतोय मी! अकरा काय कमी झाले?"

"एक कमी आहे," सिस्टर म्हणाल्या. "एक कमी असताना मी आजवर सही केलेली नाही. मोठ्या डॉक्टरांपुढे केली नाही, तुमच्यापुढे काय करायची?" आणि त्यांनी कागद परत दिला.

 मास्तरांनी काहीतरी दाखवायला हात वर केला. मग तो हात हवेत कुठे गेला आहे हे त्यांचं त्यांनाच दिसलं. त्यांनी तो मुकाट्याने खिशात घातला.

सिस्टर रेषेवर गेल्या. बीप वाजली. पहिली खिडकी, सहा. दुसरी, सहा. मॅगझिन बदललं. तिसरी खिडकी, पाच, त्यातली एक पांढऱ्या पुठ्ठ्याच्या कानाजवळून. पुढचा बोळ. पांढरे बूट खडीवर करकरत होते. पिस्तुलात बारा उरल्या. समोर दार.

आणि खांदा वळू लागला. त्यांना तो वळताना कळला, कारण एकोणतीस वर्षं तो तिथूनच वळायचा. मागे पंचाने श्वास आत घेतलेला ऐकू आला. सिस्टर थांबल्या. चक्क उभ्या राहिल्या. घड्याळ पळत होतं, ते पळू दिलं. माझे हात ओले आहेत का? नाहीत. कोणी भुलीखाली आहे का? नाही. आत कोणाचं पोट उघडं आहे का? नाही. मग त्यांनी डावा हात पिस्तुलावरून सोडवला, पंजा पूर्ण उघडला आणि त्या घाणेरड्या, काळ्या, सत्तर माणसांच्या डागावर दाबला. शिसारी कोपरापर्यंत आली. दार उघडलं. नळी समोर होती.

आतली सहा टार्गेटं म्हणजे किरकोळ काम होतं.

दारापुढे त्या सात सेकंद उभ्या होत्या, असं पंच म्हणाला. वीस वर्षांत दारापुढे इतका वेळ विचार करणारं माणूस बघितलं नाही, असंही म्हणाला. बारावं घर भरलं. गुण फार नव्हते. बाहेर दोरीपाशी मास्तर दाराकडे पाठ करून उभे होते. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, बघवलं नसतं.

"झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"झालं."

मास्तर वळले. सिस्टरांचा डावा तळवा काळाकुट्ट झाला होता. मास्तरांनी लगबगीने पाण्याची बाटली उघडली, साबणाची चकती काढली, कारण सिस्टरांना हात न धुता पाच मिनिटंही चैन पडत नाही हे त्यांना माहीत होतं. "राहू दे जरा," सिस्टर म्हणाल्या आणि तो हात तसाच मांडीवर ठेवून खुर्चीत बसल्या. दाढीवाल्याची खुर्ची अखेर कामी आली.

घरी आल्यावर सोमवारी सिस्टर कामावर गेल्या. दार पाठीने उघडलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, कितवा नंबर? सिस्टर म्हणाल्या, चौसष्टावा. डॉक्टर हसायला निघाले होते, पण किती जणांत ते विचारावं लागलं, आणि तोवर सिस्टरांनी त्यांच्या हातात चिमटा ठेवला होता.

संध्याकाळी परतल्या तर बैठकीत भिंतीवर चौकट. आत स्पर्धेची छापील यादी. मास्तरांनी सकाळभर खपून ती लावली होती. चौसष्टाव्या ओळीवर सिस्टरांचं पूर्ण नाव, पुढे बारा आकडे. त्याखाली मास्तरांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती, पट्टी धरून. त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटत होता आणि सिस्टरांचाही.

"कशी दिसतेय?"

सिस्टर जवळ गेल्या. ओठ हलू लागले. मास्तर अस्वस्थ झाले.

"एक कमी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"नसेल. नीट मोज."

सिस्टर नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.  मग मास्तरांनी शर्टाच्या खिशातून कागदाची एक बारीक पट्टी काढली. यादीची शेवटची ओळ, सरळ कापलेली. मास्तरांचं नाव आणि पुढे 'अपात्र'. टाकून दिली नव्हती, टाकवली नव्हती. दिवसभर खिशात घेऊन फिरल्याने ती मऊ पडली होती.

"बघणारे विचारतील," मास्तर हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते काहीतरी न शिकवता बोलत होते.

"सांगू की. म्हणू, मला शिकवता शिकवता गेले."

सिस्टरांनी चौकट उतरवली, काच काढली, पट्टी होती तिथे डिंकाने चिकटवली आणि वरून अंगठा दाबून धरला. मग पेन घेतलं. यादीच्या तळाशी, मास्तरांच्या नावाखाली, त्यांनी 'मोजणी बरोबर' असं लिहिलं आणि पुढे सही केली. चिमुकली नाही. पूर्ण नाव, वाचता येईल असं.

पट्टी जरा वाकडी लागली होती. मास्तरांना ते दिसलं होतं. त्यांनी चौकट उचलली आणि ती परत लावायला भिंतीकडे नेली.